पारंपरिक पेहराव रंगवताना: नथीआधी काष्टा बघा

तुम्ही लिहिलंय की कला महाविद्यालयातून बाहेर पडून काही वर्षं झाली, पारंपरिक पेहराव आणि रोजच्या जगण्यातला वारसा या विषयावर अॅक्रिलिकमध्ये मालिका करताय, आणि दर चित्र शेवटी सराफाच्या दिवाळीच्या जाहिरातीसारखं दिसतं. हिरवी नऊवारी, नथ, खणाची चोळी, हातात कलश, मागे वाड्याचा दरवाजा. लोक 'छान' म्हणतात, चित्रासमोर उभं राहून सेल्फी काढतात. एका जाणकारांनी मात्र 'डेकोरेटिव्ह आहे' एवढंच म्हणून पुढची भिंत गाठली. यात समकालीन काय आणायचं, जुन्या साडीचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवावेत का, फोटोवरून काम चालेल का, आणि हे सगळं नागपूरचं कसं वाटेल, असे तुमचे चार प्रश्न. मी क्रमाने जाणार नाही, कारण पहिल्याचं उत्तर मला चौथ्यात दिसतं.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनातली एकही बाई काही करत नाहीये. ती नेसून उभी आहे. कापड तिच्या अंगावर आहे, पण तिच्या कामाचं नाही. ते ओलं होत नाही, मळत नाही, खोचलं जात नाही, खांद्यावरून घसरत नाही. जाहिरातीचा वास येतो तो इथून. रंग भडक झाले किंवा शैली जुनी वाटली, ही कारणं त्यामानाने किरकोळ.

हे चित्र तुमच्या डोक्यात आलं कुठून, हेही बघायला हवं. राजा रविवर्म्याने देवींना नऊवारी नेसवली, 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि त्या देवी घरोघरी भिंतीवर गेल्या. पुढे चित्रकार एम. व्ही. धुरंधर आले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवली. मग कॅलेंडरं, मग मालिका, मग लग्नाच्या फोटोशूटचे भाड्याचे पोशाख. यातल्या पहिल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. धुरंधरांची रेखाटनं काढून बघा: पदर कुठे ताणला गेलाय, निऱ्या कुठे दबल्यात, हे त्यांनी बाजारात, घाटावर, रस्त्यात बघून टिपलेलं आहे. तुमच्यापर्यंत पोचलंय ते त्याच्या नकलेच्या नकलेची नक्कल. मधल्या प्रवासात वजन गळून गेलं, दागिने तेवढे उरले.

दुसरी गोष्ट जरा टोचेल. तुमचा 'पारंपरिक मराठी पोशाख' बराचसा इकडचा नाहीच. खण विणला जातो कर्नाटकात, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डला. पैठणी पैठण-येवल्याची. ही कापडं नागपूरच्या घरांत येत होती, येतात, आणि ती रंगवू नयेत असं काही नाही. पण इतवारीतल्या कोष्ट्याच्या किंवा उमरेडकडच्या शेतकऱ्याच्या आजीची ट्रंक उघडली तर वर तेच असेल, असं गृहीत धरू नका. वारली काढणाऱ्या नागपुरी चित्रकारांनाही मी हेच विचारतो. बाप्पा, पालघर कुठे, आपण कुठे! आपल्या दाराशी काय आहे ते आधी बघा.

आपल्या दाराशी करवती आहे. विदर्भातल्या टसरची, म्हणजे जंगली रेशमाची, साडी, काठावर करवतीच्या दातांची नक्षी. टसरचा किडा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कोष पिकवतात, आणि भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे विणकर आहेत. करवतीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नागपुरात पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव या हलबा-कोष्ट्यांच्या वस्त्या. इथल्या रेशीमकाठी सुती साड्या आणि लुगडी एके काळी दूरवर जायची. आता हातमाग फार थोडे उरलेत, पण ज्यांनी माग चालवला ते लोक आहेत. त्यांच्याशी बोला. चित्रकाराला त्यातून जे मिळतं ते पुस्तकातून मिळत नाही.

उदाहरण देतो. करवती काठ तुम्ही कसा रंगवाल? बहुतेक जण आधी अंगाचा रंग भरतात, वर काठाची पट्टी ओढतात आणि तिच्या कडेला बारीक ब्रशने त्रिकोण काढत बसतात. ते त्रिकोण स्टिकर लावल्यासारखे दिसतात. मागावर गोष्ट वेगळी घडते. तिथे तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधनं, चालतात: मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. अंगाचा आडवा धागा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवले जातात, आणि कुठे फिरवायचं ती जागा ओळीओळीने पुढेमागे सरकवली की दात तयार होतो. म्हणजे दात कोणी वर काढलेला नसतो. तो दोन कापडांच्या सरहद्दीवर पडतो. कॅनव्हासवरही तसंच करा. टसरचा रंग आणि काठाचा गडद रंग शेजारी शेजारी ठेवा, दोन्हीकडून एकमेकांत घुसवा. काठाने अंग कापायचं आणि अंगाने काठ. कडा कुठे कडक, कुठे किंचित विरलेली राहू द्या. घडीवर कापड वळतं तिथे दातांची लांबी बदलते, ती डोळ्याने मोजून काढा. एवढं केलंत तरी तो काठ विणलेला वाटू लागतो.

टसरच्या रंगाबद्दलही थोडं. दुकानातल्या ट्यूबमधला सोनेरी रंग उचलू नका. न रंगवलेलं टसर मधाकडे झुकणारं, जरासं राखाडी असतं. यलो ऑकर, रॉ सिएना, पांढरा आणि कणभर अल्ट्रामरीन यांत ते सापडतं. सावलीत ब्राऊन टाकलात तर कापड मळकट दिसेल, निळा-जांभळा जरा वाढवलात तर दिसणार नाही. आणि चमक! तुतीच्या रेशमावर उजेड सलग घरंगळतो. टसरचा धागा एकसारखा नसतो, त्यामुळे उजेड तुटक पडतो. कोरडा ब्रश आडवा ओढून मधेमधे खालचा थर उघडा ठेवलात की ते साधतं. अॅक्रिलिकमध्ये हे छान होतं, पण आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना, रंग पॅलेटवरच वाळतो. रिटार्डर, म्हणजे रंग वाळणं लांबवणारं द्रव्य, वापरा, ओल्या स्पंजवर बटर पेपर टाकून त्यावर रंग काढा आणि शक्यतो सकाळी नऊच्या आत काम उरका. कूलरच्या झोतासमोर ईझल ठेवायची सवय इथे अनेकांना आहे. थर अर्धवट वाळतात आणि ब्रश फिरताना खरवडले जातात. झोत बाजूला वळवा.

आता नेसणं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते एका शरीरावर टिकतं ते तीन जागांच्या जोरावर: कमरेची गाठ, मागे खोचलेला काष्टा आणि पदर जिथे अडकवलाय ती जागा. बाकीच्या सगळ्या घड्या या तीन खुंट्यांमधल्या ताणाच्या रेषा आहेत. मॉडेल समोर बसवली की आधी पेन्सिलीने ह्या तीनच जागा नोंदवा, मग त्यांना जोडणारे ताण काढा. काठ, बुट्टे, रंग त्यानंतर. मांडी घालून बसल्यावर काष्टा सैल पडतो आणि ताण गुडघ्यावर जातो. ओझं डोक्यावर आलं की पदर कमरेला खोचला जातो आणि खांदा उघडा, हलका होतो. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्या-गोंदियाकडे धानाच्या बांधीत उतरलेली बाई लुगडं गुडघ्याच्या वर घेते. चिखलाने त्याची खालची कड जड होऊन पायाला चिकटते. कापूस वेचताना पोटाशी ओटी बांधलेली असते. सकाळी ती रिकामी, लोंबती. दुपारी तीच ओटी फुगून बाईचा आकारच बदलते. एकाच बाईच्या दिवसभरातल्या आकारांवर अख्खी मालिका होईल, आणि त्यात एकही नथ लागणार नाही.

बुधवारच्या बाजारात लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या अजून दिसतात. जाऊन बसा. लगेच वही काढू नका, आधी भाजी घ्या.

इथे थोडं थांबतो, कारण नेसणं म्हणजे नुसती शरीररचना नाही. साडी किती खाली यावी हा आपल्याकडे आवडीचा प्रश्न कधीच नव्हता. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की तुमच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ती खूण टाका, लुगडं पायघोळ नेसा. बायांनी ते लगेच केलं. 20 जुलै 1942 ला अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली ती आपल्या नागपुरातच, आणि हजारो बाया तिला आल्या. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लोक पांढऱ्या कपड्यांत आले. ज्यांच्याकडे पांढरं लुगडं नव्हतं त्यांच्यासाठी ते विकत घेणं हा केवढा खर्च असेल, विचार करा. म्हणजे ज्या शहरात तुम्ही पेहरावाचा वारसा शोधताय, त्या शहरातली सगळ्यांत मोठी पेहरावाची घटना पांढऱ्या सुती साडीची आहे. तुमच्या यादीत ती का नाही? आणि घोट्यापर्यंत आलेला काठ तुम्ही रंगवाल तेव्हा तो कोणाचा घोटा आहे, हे चित्राला ठाऊक असायला हवं. नागपुरात जन्मलेल्या चित्रकार सवी सावरकरांची अस्पृश्य आणि देवदासी यांवरची कामं बघा. मडकं, झाडू, अंगावरचं कापड या रोजच्या वस्तूच आहेत, पण तिथे त्या सजावट म्हणून एक क्षणभरही उभ्या राहत नाहीत. तुम्ही तशी चित्रं काढावीत असं मी म्हणत नाही. तुमची चित्रं कोणत्या वस्त्या वगळून चाललीयत एवढं तपासा.

पांढरं रंगवणं हे तंत्राच्या दृष्टीने सगळ्यांत कठीण काम. अमृता शेर-गिलचं 1937 चं 'ब्रह्मचारी' बघा: गडद अंगं, पांढरी धोतरं, आणि एकेका पांढऱ्यात पिवळा, हिरवा, राखाडी असा वेगळाच पोत. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस नुकता सरलेला असतो, हवा धुतलेली, ऊन तिरपं. त्या उन्हात सुती पांढऱ्याची सावली निळसर होते आणि खालच्या बाजूला जमिनीचा रंग उसळून येतो. म्हणून सर्वांत उजळ पांढरा अगदी थोड्या जागी ठेवा, बाकी सगळं एक पायरी खाली आणा. जलरंगात कागदच राखा. तेलरंगात टायटॅनियम घ्या. झिंक व्हाइटचे जाड थर पुढे ठिसूळ होऊन तडकतात. पांढऱ्यात जवसाचं तेल वाढवलं तर ते पिवळं पडतं, त्याऐवजी करडईचं घ्या. चित्रकलेसाठी मिळतं ते, स्वयंपाकघरातलं नव्हे. गर्दी काढायची असेल तर माणसं मोजत बसू नका. पांढऱ्याचे समूह आणि त्यांच्यामधल्या गडद फटी यांनी ती उभी राहते. दीक्षाभूमीवर पाहायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, तिथे लोक वंदनेला येतात. तोंडासमोर मोबाईल धरायचा नाही.

समकालीन म्हणजे काय, हा तुमचा पहिला प्रश्न. अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं: नऊवारीवर गॉगल चढवा, हातात लॅपटॉप द्या, बुलेटवर बसवा. हा विनोद एकदा चालतो. पेहराव वेषच राहतो, फक्त त्याला एक प्रॉप वाढतो. मला पटणारी वाट वेगळी आहे. एम. एफ. हुसेनच्या मदर तेरेसा आठवा. चेहराच नाही. निळ्या काठाचं पांढरं कापड, त्याच्या आत अंधार आणि बाहेर आलेले हात. आई तान्हेपणीच गेलेल्या पंढरपूरच्या मुलाने कापडावरूनच बाई उभी केली. तिथे पेहराव हा विषय नसून सांगाडाच आहे. तुमच्या एका चित्रातून चेहरा पूर्ण काढून टाका आणि उरलेलं कापड त्या व्यक्तीबद्दल काय सांगतं ते बघा. काहीच सांगत नसेल, तर आधीही सगळी कथा नथच सांगत होती.

आणखी एक दुवा तरुण मंडळींना फारसा ठाऊक नसतो. आपले कितीतरी आधुनिक चित्रकार हातमागाच्या खात्यातून गेलेले आहेत. प्रभाकर बरवे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते, अर्पिता सिंग यांनी विणकर सेवा केंद्रात काम केलं, के. जी. सुब्रमण्यन हातमाग मंडळात डिझाइन बघायचे. यांच्यापैकी कोणी साडीचं गोंडस चित्र काढत बसलं नाही. त्यांनी कापडाची विचार करण्याची पद्धत उचलली: सपाट पृष्ठभाग, पुनरावृत्ती, काठ आणि मध्य यांचं नातं, टाक्याटाक्याने भरत जाणारी जागा. अर्पिता सिंगांच्या जाड रंगथरांत कांथ्याची, बंगालच्या धावदोऱ्याच्या भरतकामाची, आठवण येते ती त्यामुळे. तुम्हाला याच पद्धतीने आपल्या वाकळीकडे बघता येईल. चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोऱ्याच्या ओळी, मधेच एखादं ठिगळ ज्याचा रंग कशाशीच जुळत नाही. तो न जुळणारा तुकडा बाईने कुठे लावला यातच रचनेचा धडा आहे. विणकर सेवा केंद्राचं कार्यालय नागपुरातही आहे. चौकशी करून जा, आत बसलेल्या लोकांना मागाबद्दल विचारलेलं आवडतं.

उत्तरेला दिंडोरीचा पाटनगढ मुंबईपेक्षा आपल्याला जवळ. तिथला परधान-गोंड जनगढसिंह श्याम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला आणि भिंतीवरच्या आकृती कागदावर, कॅनव्हासवर नेताना त्याने एक नवीच भाषा घडवली. आज बाजारात त्या ठिपक्यांची नक्कल ढिगाने मिळते. ती शिकायला सोपी म्हणून उचलू नका. गोंड घरातले नसाल तर तो वारसा बघण्याचा, त्यावर विचार करण्याचा आहे. स्वतःच्या सहीखाली विकण्याचा नाही. यावर माझं काही चित्रकारांशी पटत नाही, तरी मी मत बदललेलं नाही.

समकालीनतेचा सगळ्यांत चांगला वर्ग मात्र आपल्या रस्त्यावर, फुकट भरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मारबतींची, म्हणजे मोठ्या स्त्री-पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. त्यांचा आकार, रंग, वाट, 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी, सगळं ठरलेलं. आणि त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, दरवर्षी नवे! महागाई, भ्रष्टाचार, एखादा रोग, त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल तो. बांबू, कागद, रद्दी, जुने कपडे. जुन्या चौकटीत या वर्षीचा राग बसवायला त्या पोरांना कोणी कला महाविद्यालयात शिकवलेलं नाही. बडग्याला काय नेसवतात ते नीट बघा: कोणाचा कोट, कोणाची टोपी, कोणाची साडी. तिथे कपडा थेट टीका करतो. तुमच्या मालिकेत मला अशी एक तरी चित्रचौकट बघायची आहे जी याच वर्षी काढली असं सांगता येईल. मग वाटल्यास चितार ओळीत जा. गणपती घडवणारे, रंगवणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मातीच्या मूर्तीवर शेल्याची घडी दोन फटकाऱ्यांत कशी बसते, ते बघून या.

आणि आजचा पेहराव? एप्रिलमध्ये व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभ्या राहा. स्कूटीवरच्या निम्म्याहून अधिक पोरींनी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीने बांधलेलं असतं, हातात कोपरापर्यंत मोजे, वर पांढरा सनकोट. डोक्यावरून एक वेढा, हनुवटीखालून दुसरा, टोक मानेमागे खोचलेलं. ते खोचणं काष्ट्याच्याच घराण्यातलं. गडीमाणसाच्या डोक्यावरचा पांढरा दुपट्टाही तसाच: ऊन, घाम, पाणी, गाठोडं, उशी, सगळ्याला एकच कापड. हे उद्याच्या वस्तुसंग्रहालयातलं आहे, आज कोणी रंगवत नाही. तशाच लांब पोळ्या करणाऱ्या बाया. ओल्या कणकेची पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणतात आणि उपड्या मडक्यावर टाकतात. झुलताना ती पोळी वाळत घातलेल्या मलमलीसारखी उजेड आरपार सोडते. तुम्ही रोजच्या जगण्यातला वारसा म्हणता ना, तो हा. त्या बाईच्या अंगावर गाऊन असेल, वर ओढणी. गाऊनच रंगवा. तिला नऊवारी नेसवायला जाऊ नका.

साडीचे तुकडे चिकटवण्याबद्दल. चिकटवा, पण 'टेक्स्चर हवं' म्हणून नको. तो विशिष्ट तुकडा का, हे सांगता आलं पाहिजे. तंत्राचं म्हणाल तर आधी तुकडा साध्या पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा. खळ राहिली की कसर आणि बुरशी ठरलेली, आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का बघा. जुना लाल हमखास उतरतो. जरी असेल तर ती काळवंडेल, ते चित्राच्या विचारात आधीच घ्या. चिकटवायला सुतारकामाचा पांढरा गोंद टाळा, तो कालांतराने पिवळा पडतो. अॅक्रिलिक जेल मीडियम किंवा आम्ल नसलेला गोंद वापरा, खालून आणि वरून दोन्हीकडून. त्या कापडावर तेलरंग थेट कधीच लावू नका. तेलातलं आम्ल सुताला खाऊन टाकतं, काही वर्षांत कापड हातात कुरकुरीत होऊन येतं. मधे अॅक्रिलिकचा थर हवाच. मोठं काम असेल तर लाकडी पॅनेलवर करा, पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि चिकटवलेल्या तुकड्याच्या कडा सुटतात. आणि कोणाच्या आजीची अख्खी, धड साडी कापू नका. फाटलेल्या भरपूर मिळतात.

फोटोवरून काम करायला माझी हरकत नाही, तुमचा फोटो असेल तर. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो दुसऱ्या कुणाचा असतो. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि फोटो जसाच्या तसा रंगवणं ही नक्कलच ठरते. चित्रकाराच्या कामावरचा हक्कही त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. रविवर्मा 1906 ला, धुरंधर 1944 ला गेले. त्यांच्यावरून अभ्यास मोकळेपणाने करा. दलाल गेले 1971 मध्ये, तेव्हा तिथे अजून जपून. कायदा बाजूला ठेवला तरी फोटोची एक अडचण राहते. मोबाईलची लेन्स जवळून नाक आणि गुडघे फुगवते, आणि गडद काठ व पांढरं अंग एकाच फोटोत आलं की दोन्हींतलं एक मरतं. म्हणून दहा मिनिटांचं प्रत्यक्ष रेखाटन आधी, फोटो नंतर, केवळ तपशिलासाठी. ज्यांना काढताय त्यांना विचारा, दाखवा, झालेल्या चित्राचा फोटो द्या.

बघायला कुठे जायचं? अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासून उभं आहे आणि त्यातलं आदिवासी दालन शाळेच्या सहलीनंतर कोणी बघत नाही. वही घेऊन जा, गर्दी नसते. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातला हस्तशिल्प मेळा भरेल तेव्हा विणकरांशी थेट बोलता येतं. खरेदीच्या वेळी नको, दुपारी दुकान रिकामं असताना. इतवारी-गांधीबागेतले जुने कापड व्यापारी करवतीची घडी उलगडून दाखवतात. काठ दोन्ही बाजूंनी बघायला मागा. उलट बाजूला धागे कसे अडकलेत ते दिसलं की वर जे सांगितलं ते लगेच कळेल.

'डेकोरेटिव्ह' या शेऱ्याने फार खचू नका. आपल्याकडे अलंकरणाला कमी लेखायची एक सवय आहे, आणि ती बरेचदा बायांच्या हातच्या कामावरच चालवली जाते. रांगोळी, वाकळ, काठ, गोंदण हे सगळं त्या एका शब्दात बाजूला सारता येतं. तुमच्या चित्रांतली अडचण अलंकाराची नाही, तो कोणाच्याही अंगावर बसेल याची आहे.

नव्याने सुरुवात करायची तर एक बाई आणि तिचं एकच कापड घ्या. आई चालेल, शेजारची काकू चालेल, रोज दारावर भाजी आणणारी मावशी चालेल. ते कापड नेसताना, कामात, धुताना, वाळताना, घडी होताना, आणि फाटल्यावर त्याचं काय होतं तिथपर्यंत. आधी कोळसा किंवा शाई, आकार लहान, रंग नंतर. यातून दहा-बारा कामं उभी राहिली की चिटणवीस सेंटर, दर्डा आर्ट गॅलरी किंवा सांस्कृतिक केंद्राच्या दालनाची चौकशी करा. राज्य कला प्रदर्शनाच्या व्यावसायिक विभागातही पाठवा, प्रवेशिकेची तारीख कला संचालनालय जाहीर करतं. मुंबईच्या जहांगीर कला दालनाला तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं, तेव्हा तो अर्ज मालिका पूर्ण व्हायची वाट न बघता आत्ताच भरून ठेवा. सोबत सध्याची चित्रं नको, नवी रेखाटनं जोडा.